६०० रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का? चेक इंजिन लाइट लागल्यावर झालेला लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगतो, घ्या. पण सगळे ज्यासाठी घेतात त्यासाठी घेऊ नका. लोक घेतात गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायला आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा घालवायला, आणि ही दोन कामं तो करतोच, पण पैसे वसूल होतात ते ग्राफ बघण्यात आणि फ्रीझ फ्रेममध्ये (बिघाड नोंदवला तेव्हाची इंजिनची अवस्था), आणि शॉपिंग साइटवर रिव्ह्यू टाकणारी बरीच मंडळी तिथपर्यंत पोचतच नाहीत, "कनेक्ट झाला, छान आहे" लिहून पाच स्टार देऊन मोकळी.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी, मागे १६ पिना. स्टिअरिंगच्या खाली, क्लचच्या वर वगैरे हात घातला की तसंच १६ भोकांचं सॉकेट लागतं, त्यात ही डबी खोचायची, इग्निशन ऑन करायचं, फोनचा ब्लूटूथ लावायचा, पिन १२३४ किंवा ०००० टाकायचा आणि मग अॅपमधून कनेक्ट करायचं. इथे बरेच जण अडकतात कारण पेअर झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये "कनेक्टेड" दिसत नाही, तर ते दिसायला पाहिजे असं काही नाही, पेअर झालं की बाकीचं अॅप बघतं. आयफोनवाल्यांनी ही साधी ब्लूटूथवाली घेऊ नका, चालणार नाही, तुमच्यासाठी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाली वेगळी मिळते.

बॉक्सवर ईएलएम ३२७ असं लिहिलेलं असतं. ही मुळात कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची चिप, पहिल्या आवृत्तीला त्यांनी कॉपी प्रोटेक्शन लावलं नव्हतं आणि मग जगभर नकलांचा जो सुळसुळाट झाला तो काही थांबला नाही, कंपनी २०२२ मध्ये बंद पडली तरी नकला धडधडीत विकल्या जातायत. गंमत म्हणजे बाजारात सगळ्यात जास्त चालणारी "व्हर्जन १.५" मूळ कंपनीने कधी काढलीच नाही, तो आकडा नकलाकारांचा. तरी घ्यायची तर १.५ च घ्या, कारण "२.१" लिहिलेल्या स्वस्तातल्या डब्यांमध्ये बऱ्याचदा निम्म्या कमांड गायब असतात आणि जुन्या गाड्यांशी त्या बोलतच नाहीत. मी १.५ वाली घेतली, ६०० च्या आसपास पडली, डिलिव्हरी वेळेत, पॅकिंग भंगार, सोबत एक मिनी सीडी आली जी लावायला आता घरात कुठे ड्राइव्ह नाही. ती सीडी तशीच टाकून द्या. अॅप म्हणून कार स्कॅनर किंवा टॉर्क, दोन्ही चांगली आहेत, फुकटच्या आवृत्तीत सुरुवातीचं सगळं काम होतं.

गाडी माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर. हे सांगायचं कारण असं की आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना ओबीडी (गाडीचे बिघाड नोंदवून या सॉकेटवर सांगणारी यंत्रणा) म्हणजे ओबीडी-१ आलं १ एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी-२ आलं १ एप्रिल २०१३ पासून, त्यामुळे त्यानंतरची गाडी असेल तर ही डबी बिनधास्त चालते, आणि त्याआधीची असेल तर चालेलही, नाही चालणार असंही होईल, कुणाची तरी उसनी आणून बघा मगच पैसे घाला.

आता मुद्द्याचं. आंबा घाट उतरून कोकणात जाऊन परत आलो आणि कोल्हापुरात शिरताना दिवा लागला. लागला म्हणजे सलग पेटला, लुकलुकला नाही. हा फरक डोक्यात पक्का ठेवा: लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅट-कॉन (धूर साफ करणारा डबा) जाळायला लागलंय, तेव्हा बाजूला घ्या आणि गाडी ओढून न्या. सलग पेटलेला असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, ऑइलचा लाल दिवा नसेल, तर घरी या, जेवा, मग बघू. गाडीला तसा काही त्रास नव्हता, पिकअप ठीक, फक्त सकाळी चालू केल्यावर पेट्रोलचा जरा वास यायचा आणि गावातल्या गावात फिरताना अॅव्हरेज खाल्लं होतं, पण आमच्या महाद्वार रोडच्या गर्दीत अॅव्हरेजला कोण विचारतंय.

एका सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठल्याही एकाच ठिकाणी होतं असं नाही. त्यांनी आपल्या मोठ्या स्कॅनरला लावली, अॅडव्हायझर म्हणाला, "सर, सेन्सरचा एरर आहे, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलू, थ्रॉटल बॉडी क्लीन करू, इंजेक्टर क्लीन करू, आणि कॅट-कॉन पण बघायला लागेल." कुठला कोड आला विचारलं तर "सेन्सरचाच आहे सर" हेच परत. एस्टिमेट हातात दिलं त्यावर कोड कुठेच नाही, मात्र आकडा बघून आमच्या मंडळींनी गाडी विकायची का असं विचारलं. तिथून निघालो आणि घरी येऊन ही डबी मागवली.

डबी आली, लावली, कोड आला पी ०१३५. आता हा कोड नुसता गुगल करायच्या आधी तो वाचायचा कसा ते बघा, फार सोपं आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. त्यानंतरचा ० म्हणजे हा सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, तिथे १ असेल तर तो गाडीच्या कंपनीचा स्वतःचा कोड आणि मग अॅप जो अर्थ दाखवतं त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, आपल्याच मॉडेलचा अर्थ शोधायचा. पुढचा १ किंवा २ म्हणजे हवा-इंधनाचं प्रकरण, ३ म्हणजे स्पार्क आणि मिसिंग, ४ म्हणजे प्रदूषणाची यंत्रणा. पी ०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचं सर्किट, बँक १, सेन्सर १. बँक म्हणजे सिलिंडरांची रांग, आपल्या सरळ चार सिलिंडरच्या गाडीत ती एकच. सेन्सर १ म्हणजे कॅट-कॉनच्या आधीचा, इंजिनकडचा, आणि सेन्सर २ म्हणजे कॅट-कॉनच्या नंतरचा.

हीटरचं सर्किट. सेन्सर खराब असं तो म्हणतच नाहीये. सर्किटमध्ये फ्यूज आला, वायर आली, कपलर (वायरींचा प्लग) आला, सेन्सरच्या आतला हीटर आला आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पण आला. आणि दुसऱ्या सेन्सरबद्दल तर चकार शब्द नाही, मग तो कशाला बदलायचा? कॅट-कॉनबद्दल पण काही नाही. एस्टिमेटमधल्या निम्म्याहून जास्त ओळी इथेच गळाल्या. पण तेवढ्यावर जाऊन सेन्सर विकत आणायचा नसतो. बरेच जण हाच उद्योग करतात, कोड आला, पार्ट मागवला, बसवला, दिवा परत लागला, मग रिव्ह्यूमध्ये स्कॅनरला शिव्या.

हीटर कशाला लागतो ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की ग्राफ वाचता येतो. हा झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय कामच करत नाही. तापला की धुरात ऑक्सिजन किती उरलाय त्यानुसार ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, पेट्रोल जास्त असेल तर वर, हवा जास्त असेल तर खाली, आणि ईसीयू त्याच्याकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे चांगल्या सेन्सरची रेघ ०.४५ च्या वर-खाली सतत नाचत असते. गाडी थंड असताना तो लवकर तापावा म्हणून आत छोटा हीटर असतो. हीटर गेला तर सेन्सर धुराच्याच उष्णतेवर हळूहळू तापतो, आणि तोपर्यंत ईसीयू अंदाजपंचे, जरा सढळ हाताने पेट्रोल सोडत राहतो. आता जोडून बघा: सकाळी पेट्रोलचा वास, गावात अॅव्हरेज कमी, आणि हायवेला मात्र गाडी एकदम सुतासारखी. सगळं बसतंय.

पहिलं काम, फ्रीझ फ्रेम. बिघाडाची नोंद झाली त्या क्षणी इंजिनची काय अवस्था होती त्याचा ईसीयूने काढून ठेवलेला फोटोच म्हणा, अॅपमध्ये वेगळ्या बटणाखाली असतो. माझ्यात कूलंटचं तापमान ३४ डिग्री, स्पीड शून्य, आरपीएम हजाराच्या थोडं वर. म्हणजे घाटातला चढ, लोड, असलं काही कारण नाही, इंजिन चालू केल्या केल्या, गार असतानाच ईसीयूने हीटरची तक्रार नोंदवलेली. आणि असे कोड बहुतेक वेळा लागोपाठ दोन फेऱ्यांत तक्रार आल्यावरच दिवा लावतात, पहिल्या वेळी नुसता "पेंडिंग" म्हणून पडून राहतो, त्यामुळे दिवा नसला तरी अधूनमधून पेंडिंगची यादी बघायची सवय लावली तर आधीच कळतं.

आणि म्हणूनच एक कळकळीची विनंती, कोड आला की लगेच "क्लिअर" दाबू नका. क्लिअर केलं की ही फ्रीझ फ्रेम पण जाते, पेट्रोलचं जे काही जुळवून घेतलेलं असतं ते पण जातं, आणि मिस्त्रीकडे गेल्यावर त्याला बघायला काही उरत नाही. कोपऱ्यावरचे काही लोक बॅटरीची केबल काढून "दिवा घालवून" देतात तो हाच प्रकार. स्क्रीनशॉट काढा, मग काय करायचं ते करा.

दुसरं काम सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. अॅपमध्ये लाइव्ह डेटाला जाऊन फक्त दोनच गोष्टी निवडल्या, सेन्सर १ चं व्होल्टेज आणि कूलंटचं तापमान. दोनच का, तर ही स्वस्त डबी हळू आहे, त्यात जुन्या के-लाइनवाल्या (स्कॅनरशी बोलायची जुनी, हळू पद्धत) गाडीत तर सेकंदाला मोजकेच आकडे येतात, दहा गोष्टी एकदम लावल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला काहीच येत नाही आणि नाचणारी रेघ सुद्धा पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, आणि मग लोक म्हणतात सेन्सर स्लो झालाय. डबीचा दोष सेन्सरवर. तर गाडी चालू केली, रेघ सरळ. एक मिनिट गेलं, सरळ. चहा घेऊन आलो तरी सरळच. मग फाटकाबाहेर काढून जरा फिरवली, इंजिन गरम झालं आणि तिथून पुढे रेघ जी नाचायला लागली ती एकदम व्यवस्थित, ०.१ ते ०.८, पटापट. अॅक्सिलरेटर दाबला की वर, सोडला की खाली. म्हणजे सेन्सरचा धूर ओळखणारा भाग ठणठणीत, फक्त त्याला कुणी गरम करत नाहीये. हे जे कळलं ना, ते त्या सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये कुठेच नव्हतं, आणि त्यांच्याकडचं मशीन माझ्या डबीपेक्षा शंभरपट महाग असणार.

इथपर्यंत स्कॅनरचं काम संपलं. यापुढे तो काही सांगू शकत नाही, आणि रिव्ह्यूमध्ये हे लिहायलाच पाहिजे. यापुढे लागतो मल्टीमीटर, साधा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो. तुमच्याकडे नसेल किंवा वाकून हात घालायचा कंटाळा असेल तर इथून मिस्त्रीकडे जा, पण हातात ग्राफ घेऊन जा.

मी गेलो उद्यमनगरात. कोल्हापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे आमच्याकडची इंजिनं, लेथ आणि फाउंड्रीवाल्यांची वसाहत, काहीही दुरुस्त करून मिळतं, फक्त बसायला स्टूल मिळेल याची खात्री नाही. तिथे एक वायरमन मामा आहेत, नाव टाकत नाही, त्यांना आवडणार नाही. फोन पुढे केला तर चष्मा वर करून ग्राफ बघितला आणि म्हणाले, "हीटर उडालाय नाहीतर उंदरानं वायर खाल्लीय. सेन्सर आणू नका अजून." बॉनेट उघडलं.

उंदराचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॉनेटखाली उंदीर ऊब बघून येतात आणि वायरी कुरतडतात, आणि या सेन्सरची वायर खाल्ली तरी कोड हाच येणार, पी ०१३५. लोक डांबरगोळ्या ठेवतात, तंबाखूच्या पुड्या बांधतात, आमच्या सोसायटीत तर तंबाखू उंदरांपेक्षा वॉचमनच्याच जास्त कामी येते. मामांनी हार्नेस (वायरींचा जुडगा) शेवटपर्यंत हाताने चाचपत नेली, खाल्लेली नव्हती. मग फ्यूज बघितला, ठीक. मग कपलर काढला. सेन्सरला चार वायरी, त्यातल्या एकाच रंगाच्या ज्या दोन असतात त्या साधारणपणे हीटरच्या, उरलेल्या दोन सिग्नलच्या. आधी गाडीच्या बाजूला बघितलं, इग्निशन ऑन केल्यावर १२ व्होल्ट येतायत, म्हणजे सप्लाय आहे. (काही गाड्यांत हा सप्लाय इंजिन चालू असतानाच येतो, तेव्हा नुसत्या इग्निशनवर शून्य दिसलं म्हणून घाबरू नका.) मग सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांवर मीटर ओहममध्ये लावला. काही नाही. ओपन. आतली तार तुटलेली. "आता आणा," मामा म्हणाले. बास, निकाल लागला, सगळं मिळून अर्धा तास पण गेला नसेल.

नवीन सेन्सर दुकानातच मीटर लावून बघूनच घेतला, ६-७ ओहमच्या आसपास दाखवत होता, दुकानदार जरा चिडला पण घेऊ दिलं. इथे दोन प्रकार मिळतात, एक तुमच्याच गाडीचा कपलर लावून आलेला आणि दुसरा "युनिव्हर्सल", ज्याच्या नुसत्या वायरी असतात आणि जुना कपलर कापून जोडायचा. पहिला घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. युनिव्हर्सल घेतलाच तर वायरी सोल्डर करू देऊ नका, क्रिंप करायला सांगा, कारण यातल्या बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी बाहेरची ताजी हवा लागते आणि ती वायरच्या तारांमधल्या फटीतूनच आत जाते, सोल्डरने ती वाट बुजते. हे मला मामांनी सांगितलं तेव्हा आधी थट्टाच वाटली, पण खरं आहे.

काढताना जुना सेन्सर हलेना. वर्षानुवर्षं सायलेन्सरच्या आगीत भाजलेले आटे ते, सहज कसे सुटतील. गंजाचं स्प्रे मारून ठेवलं, इंजिन थोडं गरम केलं आणि २२ चा खाच असलेला सेन्सरचा सॉकेट लावून काढला, साध्या पान्याने त्याचे कोपरे घासून गेले असते. नवीन बसवताना आट्यांना जे ग्रीस लागून येतं ते टोकाला लागू द्यायचं नाही, आणि आजूबाजूला सिलिकॉनचा स्प्रे किंवा सिलंट तर अजिबात नाही, सिलिकॉनने सेन्सर मरतो.

कोड क्लिअर केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ग्राफ परत लावला, इंजिन गारच असताना रेघ मिनिटभरात नाचायला लागली. पेट्रोलचा वास गेला. सेन्सर आणि मामांची मजुरी धरून सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या एक दशांशात काम झालं, त्यात डबीचे पैसे धरले तरी. तुम्ही क्लिअर केलं नाही तरी चालतं म्हणा, बिघाड खरंच गेला असेल तर लागोपाठ तीन फेऱ्या बिनतक्रार गेल्या की दिवा आपोआप विझतो, कोड मात्र आत ४० वेळा इंजिन गरम होईपर्यंत पडून राहतो.

पण माझं सरळ होतं. कोडने बोट दाखवलं सेन्सरकडे, आणि निघाला पण सेन्सरच. उलटं होतं ते जास्त महाग पडतं, म्हणून शेजारच्या काकांच्या गाडीचं सांगतो. त्यांना कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. गॅरेजवाला म्हणाला ऑक्सिजन सेन्सर बदला. मी डबी घेऊन गेलो, फ्युएल ट्रिम लावलं. हे ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा, शून्याच्या आसपास असावा, १० पर्यंत फार काळजी नाही. काकांच्या गाडीत उभ्या गाडीला, आयडलवर, दोन्ही ट्रिम मिळून २० च्या वर, आणि अॅक्सिलरेटर धरून २५०० आरपीएमला नेलं की ५ वर येत होतं. हे व्हॅक्यूम लीकचं लक्षण, आयडलला चोरून आत येणारी हवा एकूण हवेच्या मानाने खूप असते, आरपीएम वाढला की तिचा हिस्सा किरकोळ होतो. सेन्सर खरंच बिघडलाय का तेही बघितलं, अॅक्सिलरेटर एकदम दाबला की व्होल्टेज ०.८ च्या वर जात होतं, सोडला की ०.१ ला पडत होतं, म्हणजे तो बिचारा खरंच सांगत होता, हवा जास्त आहे. सापडली शेवटी इनटेकला जाणारी रबरी नळी, बेंडला चिरलेली. नळीचा तुकडा बदलला, संपलं. काका त्या दिवसापासून मला इंजिनिअर म्हणतात, मी कॉमर्सवाला.

तसंच पी ०४२० चं. हा कॅट-कॉन काम करत नाही असं सांगणारा कोड, आणि हा आला की लोक थेट कॅट-कॉनच्या किमती विचारायला लागतात. आधी दोन्ही सेन्सरांचा ग्राफ एकावर एक लावा, इंजिन चांगलं गरम करून. पुढचा नाचायला पाहिजे, मागचा संथ राहायला पाहिजे. मागचा पण पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅट-कॉनवर संशय घ्यायला जागा आहे. पण मागचा संथच असेल तर आधी मागचा सेन्सर, त्याची वायर आणि सायलेन्सरच्या जॉइंटमधून गळणारा धूर बघा. तसं न बघता कॅट-कॉन बदलणं म्हणजे तांबडा रस्सा खारट झाला म्हणून पातेलं बदलण्यातला प्रकार.

आता डबीच्या वाईट गोष्टी, आहेतच. एबीएस आणि एअरबॅगचे कोड ही आणि हे साधे अॅप बहुतेक गाड्यांत वाचत नाहीत, तो दिवा लागला तर हिचा उपयोग शून्य. डिझेलवाल्यांना मर्यादित उपयोग, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वगैरे नीट बघायचं तर त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचा ग्राफ ०.१ ते ०.९ असा नाचत नाही, तिथे माझी वरची पद्धत लावायला जाऊ नका, चांगला सेन्सर खराब ठरवाल. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत ट्रिमचे आकडे आधी पेट्रोलवर बघा, मग गॅसवर, दोन्हीत मोठा फरक असेल तर किटवाल्याकडे ट्यूनिंगला जा, सेन्सरच्या दुकानात नको. आणि डबी पोर्टमध्ये तशीच ठेवून जाऊ नका, १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी, आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर सेल्फ न लागण्याची शक्यता असते. शिवाय पिन १२३४ म्हणजे शेजारच्या गाडीत बसलेला पण जोडू शकतो.

पीयूसीचं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून, आपल्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासतो, तुमचा ओबीडीचा दिवा तो बघत नाही, त्यामुळे दिवा लागलेला असताना पीयूसी मिळाली म्हणजे गाडी ठीक आहे असं समजू नका. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो, तिथे १९९६ पासूनच्या गाड्यांना तपासणीत हेच सॉकेट वापरून बघतात, आणि कुणी आदल्या दिवशी हुशारी करून कोड क्लिअर करून गेला तर मॉनिटर (गाडी स्वतःच्याच घेते त्या चाचण्या) "तयार नाहीत" असं दिसतं आणि परत पाठवतात. तिकडे असाल तर क्लिअर केल्यावर थोडे दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, अॅपमध्ये रेडिनेसचे टिकमार्क हिरवे झाले की मग जा.

विकत घेताना एवढंच बघा: पेट्रोल गाडी, २०१३ नंतरची, अँड्रॉइड फोन, तर १.५ लिहिलेली, रिटर्नची सोय असलेली डबी घ्या आणि आल्या दिवशीच लावून बघा, कनेक्ट होत नसेल तर दुसऱ्या फोनवर बघा, तरी नाही झाली तर परत करा, अशा डब्या दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. रोज वापरणारे असाल, गॅरेज असेल, तर ३-४ हजारांची चांगल्या चिपची घ्या, वेगात फरक पडतो. मी या डबीला पाचपैकी चार देतो, एक स्टार कापला तो स्पीडसाठी आणि त्या सीडीसाठी. मल्टीमीटर वेगळा घ्यायला लागेल, तो दोन-तीनशेत येतो, आणि टोकदार प्रोबवाला बघून घ्या, कपलरच्या पिना बारीक असतात.